सकाळ आदल्या रात्री उजाडते

कल्याणहून भिवंडीच्या दिशेने निघाले आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडी ओलांडली, की पहिले गाव लागते ते कोन. सरकारी कागदावर हे गाव भिवंडी तालुक्यात आहे, पण इथल्या नोकरदाराची सकाळ कल्याण स्टेशनच्या मालकीची आहे. उठल्यावर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो खरा. मात्र त्याचे खरे घड्याळ म्हणजे पूल. 'पूल कसा आहे?' हा इथला सकाळचा पहिला प्रश्न. पूल मोकळा असेल तर रिक्षा पंधरा-वीस मिनिटांत स्टेशनवर सोडते. गोदामांकडे निघालेला एखादा कंटेनर वाटेत रुसून बसला, तर मग किती वेळ लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. आता जुन्या पुलाशेजारी नवा रुंद पूल झाला आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नकाशात 'कोनगाव' नावाचे स्थानकही आले आहे. त्या मार्गाची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली. पण पूल रुंद झाला म्हणून घरातली सकाळ काही रुंद झालेली नाही.

गावातल्या कोणत्याही चाळीच्या व्हरांड्यात सकाळी सहा वाजता कान देऊन उभे राहावे. कुकरच्या शिट्ट्या, बादलीत पडणारे पाणी, 'माझा दुसरा मोजा कुठे आहे?', 'डबा झाला का?', 'किल्ली कोणी उचलली?', मोटारसायकलची न पेटणारी किक, आणि या सगळ्यावर एक बाईचा आवाज, जो प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत असतो. त्या आवाजाला स्वतःचा प्रश्न विचारायला सवड नसते. या गावातून मी सव्वीस वर्षे मुंबईतल्या एका बँकेत जात-येत होते, तेव्हा त्या आवाजाची ओळख मला वेगळी करून द्यायला नको.

सकाळच्या घाईवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध सांगितले जाते, ते म्हणजे लवकर उठा. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या त्या सुभाषितात लवकर उठण्याच्या आधी लवकर निजण्याचा उल्लेख असतो, पण तो अर्धा भाग बहुधा चुना लागून पुसला गेलेला असावा. रात्री साडेदहाला भांडी आवरणाऱ्या बाईला पहाटे साडेचारऐवजी चारला उठायला सांगणे म्हणजे बुडीत खात्यातून आणखी उचल देण्यासारखे आहे. बँकेत याला आम्ही ओव्हरड्राफ्ट म्हणत असू. झोपेच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट फार दिवस चालत नाही. व्याज लागते, आणि ते रक्तदाब, चिडचिड, डोकेदुखी अशा नाण्यांत वसूल होते.

शिवाय गंमत अशी की, गजर अर्धा तास अलीकडे आणला तरी घाई जागच्या जागी राहते. वाढलेल्या अर्ध्या तासात आणखी एक काम येऊन बसते. पोहे होत नव्हते ते होऊ लागतात, कपडे संध्याकाळी धुतले जायचे ते सकाळी धुतले जातात, आणि सात वाजता पुन्हा तीच धावपळ. रिकामी जागा दिसली की सामान ठेवायचे, हा आपला घरांच्या बाबतीतला स्वभाव वेळेच्या बाबतीतही आहे.

ही घाई काही आजची नाही. मुंबई इलाख्यात रेल्वे १८५३ साली ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ साली कल्याणला पोहोचली. त्याआधी आपल्या माणसाची सकाळ कोंबड्यावर आणि सूर्यावर चालत होती. मिनिट नावाची वस्तू घरात आणली ती गाडीने आणि गिरणीच्या भोंग्याने. १९०६ च्या जानेवारीपासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. गिरण्यांनी नवे घड्याळ लावताच कामगारांच्या लक्षात आले की, आकडा तोच राहिला तरी आपल्याला कामावर ३९ मिनिटे आधी, अधिक अंधारात हजर व्हावे लागणार आहे. त्या महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांनी काम बंद केले, दगडफेकही झाली. शहरात नव्या वेळेविरुद्ध सभा झाल्या, आणि 'मुंबई वेळ' नावाचा हट्ट या शहराने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडला नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग अभिमानाचा म्हणून येतो. मला तो वेगळ्या कारणासाठी आठवतो. आपल्या सकाळची ३९ मिनिटे कोणीतरी काढून घेतली, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना पहिल्याच आठवड्यात कळले. आपल्याकडून त्यापेक्षा कितीतरी जास्त मिनिटे गेली, आणि आपण मात्र गजर लावत बसलो.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. कोनमधून साडेसहाला रिक्षा धरणारी माणसे म्हणजे आजही अंधारातच घर सोडतात.

सकाळ सोपी करण्याचा सर्वांत हुशार उपाय मुंबईने शोधला तो १८९० साली. महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले, त्यातून डबेवाल्यांची व्यवस्था उभी राहिली. तिचे कौतुक आपण चुका किती कमी होतात या अंगाने करतो. तिचा खरा उपकार घरच्या बाईवर होता. नवरा सातला घराबाहेर पडला तरी डबा नऊ-साडेनऊला निघाला की चालत असे. स्वयंपाकाला त्यामुळे दोन-अडीच तासांची मोकळीक मिळाली. माणूस आधी जाईल, जेवण मागून येईल, ही कल्पनाच मोठी होती. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले होते, ते असे की घरात कोणीतरी मागे राहणारे आहे. बाई स्वतः नोकरीला लागली आणि ती दोन तासांची मोकळीक संपली. आता तिचा डबा, नवऱ्याचा डबा, मुलांचे दोन डबे, सासऱ्यांचे पथ्याचे जेवण हे सगळे तिची गाडी सुटण्याआधी. घरातली एक पगारी नोकरी वाढली. बिनपगारी नोकरी तेवढीच राहिली.

याला आकड्यांचाही आधार आहे. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या बायका शंभरातल्या ८१, आणि पुरुष शंभरातले २६. बँकेत इतका असमतोल ताळेबंद घेऊन कोणी आले असते तर आम्ही कर्ज दिले नसते. घरात मात्र तोच ताळेबंद वर्षानुवर्षे मंजूर होत असतो.

आता बँकेची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत शाखेत संगणक नव्हता. लांबरुंद लेजर, व्हाउचरांचे गठ्ठे आणि पितळेची टोकने यांवर कारभार चाले. ग्राहकांसाठी काउंटर साडेदहाला उघडे, आणि बाहेर रांग लागलेली असली तरी पहिली पंधरा मिनिटे शाखेत कमालीची शांतता असे. नव्याने आलेल्या मुलांना याचे नवल वाटायचे. कारण सरळ होते. आदल्या संध्याकाळी रोकड मोजून जुळवल्याशिवाय कोणी उठत नसे. टोकने मोजली जात. एक कमी असले तर ते टेबलाखाली, कचऱ्याच्या टोपलीत, कोणाच्या खिशात, जिथे असेल तिथे शोधले जाई. पैशापैशाचा मेळ बसला की मगच दिवस 'क्लोज' होई. शाखेची सकाळ खरे तर आदल्या संध्याकाळी सहा वाजताच तयार होऊन बसलेली असे. सकाळी येऊन आम्ही तिला फक्त कुलूप काढून बाहेर घ्यायचो.

दुसरी गोष्ट त्या कुलपाची. तिजोरीला दोन किल्ल्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडायचीच नाही, हा नियम. याचा मूळ हेतू अर्थातच चोरीला आळा घालणे हा. पण त्यातून आपोआप एक शिस्त येत असे. दोघांनाही वेळेवर यावे लागे, दोघांनाही आत काय आहे ते ठाऊक असे, आणि एक जण रजेवर जाणार असला तर किल्ली रीतसर लिहून दुसऱ्याच्या हाती जाई. 'मला काय माहीत, तेच बघतात' हे वाक्य तिजोरीच्या बाबतीत उच्चारायची सोय नव्हती.

घराच्या सकाळला मी या दोन गोष्टी लावून पाहिल्या आहेत आणि त्या लागू पडतात असा माझा अनुभव आहे.

आधी संध्याकाळचे 'क्लोजिंग'. रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून. मुलांनी दप्तर भरून दाराशी ठेवायचे. वेळापत्रक सकाळी पाहायचे नाही. गणवेश, मोजे, रुमाल, पट्टा एकाच खुर्चीवर. रेल्वेचा पास, ओळखपत्र, चष्मा, गाडीची आणि घराची किल्ली एकाच खुंटीला. किल्ली शोधण्यात घरटी किती मिनिटे जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर खुंटी सोन्याच्या भावाने विकली जाईल. सुट्टे पैसेही रात्रीच काढून ठेवावेत. कोनच्या नाक्यावर सकाळी रिक्षावाल्याशी होणारी निम्मी भांडणे सुट्ट्या पैशांवरून होतात, आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आल्यावरही ती थांबलेली नाहीत, कारण ऐन वेळी रेंज गेलेली असते.

स्वयंपाकघराचे क्लोजिंग थोडे कौशल्याचे. रात्री सगळेच करून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. मेथी निवडून ठेवावी, पण धुवू नये, सकाळपर्यंत लिबलिबीत होते. बटाटे उकडून ठेवावेत, सालासकट. कोबी, गवार, फरसबी चिरून चालतात. वांगे आणि कच्चे केळे काळे पडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. भेंडी कोरडी पुसून चिरली तर सकाळी तक्रार करत नाही. कणीक घट्टसर मळून तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवली तर पोळी किंचित करडी होते एवढेच. चवीत फरक ओळखून दाखवणाऱ्याला खुशाल पहाटे उठून ताजी मळू द्यावी. लसूण सोललेला, दाण्याचे कूट बरणीत, कडधान्याला मोड आलेले, ही तर आपल्या आज्यांचीच पद्धत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आम्हा बायकांना ही पद्धत सक्तीने पुन्हा शिकावी लागली, कारण सकाळी मिक्सर फिरेल याचा भरवसा नव्हता आणि वाटण रात्रीच उरकून घ्यावे लागे. वीज आली तशी ती शिस्त गेली. जायला नको होती.

आणि डब्यात काय असावे याबद्दलही एकदा घरात मोकळेपणी बोलले पाहिजे. पोळी, सुकी भाजी, कोशिंबीर, वरण आणि भात हे सगळे साडेसहाच्या आत झालेच पाहिजे असे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले नाही. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी थालीपीठ आणि दही, बुधवारी मसालेभात, असे ठरवून टाकले तर रोज रात्री 'उद्या काय करू?' हा प्रश्न उरत नाही. दमवतो तो बहुधा हाच प्रश्न. प्रत्यक्ष काम तेवढे नाही.

मग दोन किल्ल्या. घरातल्या प्रत्येक सकाळच्या कामाची किल्ली दोघांकडे असली पाहिजे. तांदळाचा डबा कुठे आहे, गॅसचा नंबर कधी लावला, मुलीची वेणी कशी घालायची, पाणी भरून झाल्यावर मोटार कधी बंद करायची, हे एकालाच ठाऊक असले की ते घर एका माणसाच्या तापावर बंद पडते. आमच्या गल्लीत कित्येक वर्षे नळाला पाणी पहाटे यायचे. पाण्यासाठी उठणारी व्यक्ती आणि चहासाठी उठणारी व्यक्ती एकच असायची, आणि ती कोण हे वाचकांनी विचारू नये. पुढे शेजारच्या एका घरात सासूबाई पडल्या, सूनबाई तीन आठवडे दवाखान्यात त्यांच्याजवळ. त्या घरातल्या बापलेकांनी तीन आठवड्यांत पाणी भरायला, भात लावायला आणि डबे भरायला शिकून घेतले. सूनबाई परत आल्यावर म्हणाल्या, "काकू, ह्यांना सगळं येत होतं हो, फक्त वेळच येत नव्हती." त्यांनी ती सोय काढून घेतली नाही. पाणी आजही सासरे भरतात.

मदत म्हणजे मेहेरबानी असा सूर मात्र त्यात नसावा. 'मी तिला मदत करतो' असे म्हणणारा पुरुष सभ्य असतो, पण तो किल्ली अजून तिच्याच कमरेला ठेवून बोलत असतो.

मुंबईच्या नोकरदार बायकांनी ही रात्रीची तयारी आणखी अलीकडे ओढली आहे, थेट परतीच्या गाडीत. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर पहिली 'लेडीज स्पेशल' धावली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर मुंबई-कल्याण अशीही सुरू झाली. त्या गाडीत आणि एरवीच्याही महिला डब्यांत संध्याकाळी जे चाले ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. मसजिदला किंवा दादरला घेतलेले मटार मुलुंड येईपर्यंत सोलून होत. कोणी लसूण सोले, कोणी मेथी निवडे, एखादी शेजारणीच्या जुडीलाही हात लावे. कल्याणपर्यंत सुमारे ५४ किलोमीटर. तेवढ्या अंतरात दोन घरांची उद्याची भाजी तयार. बाहेरच्या लेखकांनी या दृश्यावर भरभरून लिहिले आहे, त्याला मैत्रीचा, बहिणाईचा सुगंध दिला आहे. तो होताच. पण मी कादंबरी लिहायला बसते तेव्हा मला त्या बायकांचे हात दिसतात. घरी पोहोचल्यावर उसंत नाही हे ठाऊक असलेले हात.

याच कारणाने कामाची वेळ संध्याकाळी लांबली की सकाळ आखडते. राज्य शासनाने २०२० च्या फेब्रुवारीअखेर आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला. शनिवार मोकळा झाला हे चांगलेच झाले. त्याबदल्यात वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. सव्वासहाला मंत्रालयातून निघून कोनला पोहोचणारी बाई साडेआठच्या आत चुलीशी येत नाही. तिने क्लोजिंग कधी करायचे?

वाचक म्हणतील, मग पोळ्या विकत आणा. कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे आहेत, आणि ज्यांना परवडते त्यांनी त्यांचा आधार जरूर घ्यावा. त्यात कमीपणा मानायचे दिवस गेले. पण त्या केंद्रातली पोळी कोण लाटते तेही एकदा पाहावे. सकाळी सहाला शंभर पोळ्या हव्यात म्हणजे कोणीतरी तीनला उठते. ही गोष्टही जुनीच आहे. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका पाळ्यांच्या वेळांप्रमाणे एकेका खोलीत कामगारांना रांधून वाढत असत. त्यांची उधारी, सावकारी कर्जे आणि झिजलेले हात पाहूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले, आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. बँकेतली म्हणून मला त्या कामाचा विशेष अभिमान वाटतो. आपली सकाळ सुखाची झाली ती दुसरीच्या रात्रीतून कापून, एवढे भान ठेवून पोळीमागे रुपया-दोन रुपये जास्त द्यावेत आणि घासाघीस करू नये.

तसेच आमच्या गावात आणि भिवंडीत लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी माणसे आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी जेवून झोपतो. आपली सकाळ ही त्याची रात्र. शेजारी आठ वाजता मोठ्याने लावलेला मोबाईल त्याची झोप मोडतो. शांत सकाळ हवी असणाऱ्यांनी या शेजाऱ्यालाही हिशेबात धरले पाहिजे.

इथवर जे लिहिले ते घराच्या चार भिंतींतले. पण सकाळच्या घाईचा मोठा वाटा घराबाहेर ठरतो, आणि तिथे घरातल्या खुंटीचा उपयोग नाही. सगळ्यांना एकाच वेळी एकाच दिशेने जायचे आहे, हे आपल्या दुखण्याचे मूळ. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. किमान चौघांचा जीव गेला. ती माणसे काही शौक म्हणून दारात नव्हती. मागची गाडी धरली तर मस्टरवर लाल रेघ पडते, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. आमच्या शाखेत तीन वेळा उशीर झाला की एक किरकोळ रजा कापली जाई. एका रजेच्या भीतीने माणूस दारात लटकतो हे मी सव्वीस वर्षे पाहिले आहे.

मध्य रेल्वेने यावर कार्यालयांच्या वेळा मागेपुढे करण्याचा उपाय सुचवला, आणि नुसता सुचवला नाही. १ नोव्हेंबर २०२३ पासून तिने मुंबई विभागाच्या स्वतःच्या कार्यालयात दोन वेळा सुरू केल्या, सकाळी साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ. इतर शेकडो संस्थांनाही तिने पत्रे लिहिली. उपाय कागदावर निर्दोष आहे. पण साडेअकराची वेळ कोण निवडेल? जिच्या घरी लहान मूल आहे ती सकाळी सुटेल आणि संध्याकाळी अडकेल. म्हणून वेळ लादण्यापेक्षा निवडू देणे महत्त्वाचे, आणि दर सहा महिन्यांनी बदलू देणे त्याहून महत्त्वाचे. मुलाच्या दहावीच्या वर्षी हवी असणारी वेळ सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वर्षी उपयोगी नसते.

शाळांच्या बाबतीत हाच गुंता झाला. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, या विचाराने राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी आदेश काढला की, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आदेशामागचा हेतू मला पूर्ण पटतो. सहा वर्षांच्या मुलाला सव्वासहाला थंड पाण्याचा हात लावून उठवणे, अर्धवट झोपेत दूध पाजणे आणि रिक्षात कोंबणे हा प्रकार कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारा नाही. मुलाच्या अंगाने पाहिले तर सकाळची घाई कमी करणारा इतका थेट निर्णय आपल्याकडे पूर्वी झाल्याचे मला आठवत नाही.

पण जिची गाडी सातला आहे त्या आईने नऊपर्यंत मुलाला कुठे ठेवायचे? सातची शाळा मुलासाठी वाईट होती, आईसाठी सोयीची होती. ती मुलाला शाळेत सोडून स्टेशन गाठत असे. आता घरात आजी असेल तर निभावते. नसेल तर शेजारीण, तीही नसेल तर थोरली बहीण, आणि ती बहीण स्वतः पाचवी-सहावीत असते. तिची शाळा सकाळची असेल तर मग तीही नाही. म्हणजे धाकट्याची झोप वाढली आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी सकाळ मोडली. बऱ्याच शाळांना खोल्या कमी असल्याने त्या दोन सत्रांत भरतात; एक सत्र पुढे ढकलले की दुसऱ्याने कुठे जायचे हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे वेगळाच.

आदेश मागे घ्यावा असे यावरून कोणी सुचवले तर मी विरोध करीन. मुलांनी झोपावेच. मात्र शाळेचा वर्ग नऊला आणि शाळेचे फाटक सातला, अशी सोय करायला काय हरकत आहे? एक खोली, एक सतरंजी, दोन जबाबदार बायका. मुलाने हवे तर तिथे आणखी तासभर झोपावे, हवे तर चित्रे काढावीत, नाश्ता करावा. शिक्षकांवर हा बोजा टाकू नये, त्यांची सकाळ आधीच भरलेली आहे. गावात महिलांचे बचत गट आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन हे काम सोपवता येईल. थोडी वर्गणी पालक देतील, थोडा भार ग्रामपंचायतीने उचलावा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्प लहान आहे आणि जोखीम कमी.

ही खोली कोणत्या शाळेत मिळू शकेल याची मी दोन ठिकाणी चौकशी केली आहे. एका ठिकाणी मुलांच्या जबाबदारीचा प्रश्न निघाला, तो रास्त आहे. नोंदवही आणि पालकांची सही याने तो बराचसा सुटावा. दुसऱ्या ठिकाणी 'इतक्या सकाळी शिपाई येणार नाही' असे उत्तर मिळाले. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे मी आणि गल्लीतल्या सात-आठ जणींनी ठरवले आहे. ग्रामसभा सकाळची असली तर त्यांतल्या किती जणींना स्वयंपाक टाकून येता येईल, ते आधी विचारून ठेवावे लागेल.